त्या बंद खोलीत ‘थांबवा’ म्हणून कोण ओरडलं?

या धाग्यावर लिहिणारे बहुतेक जण सुरुवातीलाच सांगतात की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि शेवटी तो बसला. माझा नव्हता आणि आजही नाही. भूत, साक्षात्कार, दृष्टांत... काहीच मानत नाही मी. डेटाबेसवर काम करणारा माणूस आहे. जी गोष्ट लॉगमध्ये नाही ती घडली नाही, असं ऑफिसातल्या नव्या पोरांना मीच शिकवत आलोय. तरी लिहायला बसलोय, कारण माझं डोकं फिरलंय.

गेल्या आठवड्यात मला एक फॉरवर्ड आला. लंडनमधल्या एका मराठी इंजिनियरला जिभेचा कॅन्सर होता म्हणे, डॉक्टरांनी हात टेकले होते, मग मशीनखाली झोपवलेलं असताना महाराजांनी प्रत्यक्ष येऊन मशीन बंद पाडलं आणि गाठ जागच्या जागी विरघळली. अकरा जणांना पाठवा.

तो इंजिनियर मी आहे. डॉक्टरांनी हात टेकले नव्हते. मशीन बंद पडलं नव्हतं, माणसाने बटण दाबून बंद केलं होतं. गाठ गेली ती किमो आणि रेडिएशन एकत्र घेतल्यामुळे, आणि जाताना माझी लाळ, चव, एका कानाचं निम्मं ऐकणं आणि माझा आवाज घेऊन गेली. महाराज तिथे नव्हते.

पण कुणीतरी होतं. ते जसं घडलं तसं एकदाच सांगून टाकतो.

२००६ सालची गोष्ट. आम्ही लंडनच्या पिनरमध्ये राहत होतो – मी, माझी बायको मेधा आणि मुलगी ईशानी, जी तेव्हा नुकतीच सेकंडरी स्कूलला जायला लागली होती. मी रोज गाडीने ब्रॅकनेलच्या ऑफिसला जायचो. एक दिवस दाढी करताना उजव्या जबड्याखाली गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, अँटिबायोटिक्स दिली. मग आणखी दिली. मग वेगळी दिली आणि म्हणाला, तुम्ही स्मोक करत नाही, पीत नाही, पन्नाशीसुद्धा झाली नाही, उगाच काळजी करू नका. मी केली नाही. मेधाने केली. ती माझ्याबरोबर आली, जीपीसमोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, हॉस्पिटलचं रेफरल मिळेपर्यंत मी इथून उठणार नाही. पुढची पेशंट बाहेर दार वाजवत होती तरी उठली नाही.

जिभेच्या मुळाशी कॅन्सर होता आणि मानेतल्या गाठींपर्यंत पसरलेला. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हा शब्द तिथे पहिल्यांदा ऐकला.

मग फोन सुरू झाले. ठाण्याहून, पुण्याहून, अमेरिकेतून. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच – “तंबाखू खायचास का रे?” आयुष्यात मी सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही. तसं सांगितलं तर सख्खी आत्या म्हणाली, “मग कसा होईल?” म्हणजे मी खोटं बोलतोय! कॅन्सरपेक्षा मला त्या प्रश्नाचा संताप जास्त यायचा. पुढे पुढे मी फोनवर ‘हॅलो’ऐवजी “नाही खायचो” एवढंच म्हणायला लागलो. ईशानीला ते ऐकून हसू यायचं. तेवढंच काय ते घरात हसू होतं.

आमची कन्सल्टंट बारीक अंगकाठीची, हळू बोलणारी बाई होती. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम देत नाही, आमच्या घरापासून फार लांब नव्हतं एवढंच सांगतो. तिने सरळ सांगितलं – ऑपरेशन केलं तर जिभेचा मोठा भाग जाईल, पुढे बोलणं आणि गिळणं कठीण. दुसरा रस्ता म्हणजे रेडिएशन आणि किमो एकाच वेळी. किमोने कॅन्सरच्या पेशी दुबळ्या होतात आणि रेडिएशनचा घाव खोलवर बसतो. पण त्रासही दोन्हींचा मिळून होतो, वेगवेगळा नाही. “इट विल बी ब्रूटल,” ती म्हणाली, “अँड देन इट विल एंड.” त्या सगळ्या काळात मला पटलेलं हे एकच वाक्य. बाकी सगळे म्हणत होते, पॉझिटिव्ह राहा.

रेडिएशनसाठी तोंडाचा साचा बनवतात. इथे त्याला ‘शेल’ म्हणतात. गरम पाण्यातून काढलेली प्लास्टिकची मऊ जाळी चेहऱ्यावर आणि खांद्यांपर्यंत ताणून बसवतात. ती थंड होता होता आवळत जाते. मग रोज टेबलावर उताणं झोपायचं, तो साचा तोंडावर चढवायचा आणि कडेच्या क्लिपांनी टेबलाला पक्का करायचा, म्हणजे डोकं केसभरही हलू नये. जीभ खाली दाबून धरायला दातांत एक प्लास्टिकचा तुकडा. खांदे वर येऊ नयेत म्हणून पायांकडून घेतलेले दोन पट्टे हातांत धरायचे. आणि एवढी बांधाबांध झाली की सगळे खोलीबाहेर जातात... कारण पुढे जे सुरू होतं ते बाहेरच्यांना लागता कामा नये. ते फक्त तुमच्यासाठी.

खोलीत कॅमेरा असतो आणि इंटरकॉम असतो. रेडिओग्राफर बाहेर बसून बघतात, ऐकतात. त्रास झाला तर हात वर करा, असं सांगून ठेवलेलं असतं.

माझ्या मशीनवर दोघं असायची. ग्रॅहम – साठीला आलेला, सगळ्यांना ‘माय फ्रेंड’ म्हणणारा. आणि रेवा, तेविसेक वर्षांची, वॉटफर्डला जन्मलेली-वाढलेली मराठी मुलगी. पहिल्याच दिवशी माझं आडनाव वाचून म्हणाली, “काका, तुम्ही मराठी आहे? माझी मराठी फार बॅड आहे हां. ममा मला रोज ओरडते.” मला बरं वाटलं होतं. क्लिपा लावताना म्हणायची, “काका, आता मास्क लावते. घट्ट होईल, पण दुखणार नाही.” दुखायचं. पण तिने मराठीत सांगितलेलं चालायचं मला.

पहिले दोन आठवडे मी ब्रॅकनेलला मेलसुद्धा पाठवत होतो. मग घसा आतून सोलला गेला. पाण्याचा घोट म्हणजे काचा. थुंकी इतकी चिकट की बोटाने ओढून काढायची. पोटात आधीच बसवून ठेवलेल्या नळीतून दूध-बाटल्या सुरू झाल्या. मानेची कातडी काळी पडून सुटायला लागली. आणि एके दिवशी सकाळी ईशानीला हाक मारायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. आवाज गेला. मग मी टाळ्या वाजवून माणसांना बोलवायला लागलो आणि पाटीवर लिहून भांडायला लागलो. खूप भांडलो. मेधा नळीतून दूध सोडताना म्हणायची, “श्री, थोडं हळू सोडते, उलटी होईल.” मी पाटीवर लिहायचो – तू कर ना मग हे सगळं! तिने एकदाही उलट उत्तर दिलं नाही, तर त्याचाही मला राग यायचा.

या काळात आम्हाला सगळ्यात जास्त मदत केली ती दिलीपरावांनी. हे नमूद करायलाच हवं. दिलीपराव वॉटफर्डचे, सत्तरच्या दशकात इथे आलेले, रिटायर्ड. मराठी मंडळात कुणाच्याही घरी काही झालं की पहिली गाडी त्यांची. मेधाला ऑफिस सोडता यायचं नाही त्या दिवशी तेच मला हॉस्पिटलला न्यायचे, तासन्‌तास वेटिंग रूममध्ये बसायचे. डॅशबोर्डवर त्यांच्या महाराजांचा फोटो. रोज अंगाऱ्याची एक पुडी घेऊन यायचे. “श्रीकांत, तू नास्तिक आहेस, मला माहीत आहे. पण घे. बिघडतं काय?” मी घेत नव्हतो. ते पुडी खिशात ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे करायचे. चिडले मात्र कधी नाहीत.

आता तो दिवस.

मार्च महिना, दुपारची वेळ. बाहेर छान ऊन होतं. शेवटची किमो होऊन दोन-तीन दिवस झाले होते आणि मळमळ थांबत नव्हती. घरून निघताना नळीतून दूध घेतलं होतं. दिलीपराव वेटिंग रूममध्ये पेपर उघडून बसले, मी आत गेलो. रेवाने विचारलं, “काका, ओके?” मी अंगठा दाखवला. ओके नव्हतो. पण एक दिवस चुकवायचा नाही, एवढंच डोक्यात होतं. कन्सल्टंटने बजावलं होतं की मध्ये खंड पडला तर ट्यूमरला सावरायला वेळ मिळतो.

साचा चढला. क्लिपा लागल्या. पट्टे हातात धरायची ताकद उरली नव्हती म्हणून ग्रॅहमने ते मनगटांभोवती गुंडाळून दिले. दोघं बाहेर गेली. मशीन एका बाजूने चाललं, थांबलं, फिरलं, दुसऱ्या बाजूने चालू झालं. एका सुरातला तो भुंगा मला पाठ झाला होता.

आणि पोटातून वर आलं.

तोंड उघडायला जागा नाही, मान वळवता येत नाही, दातांत तुकडा अडकवलेला. आलं ते घशात भरलं, नाकात भरलं. खोकायला गेलो तर छाती वर उचलली जाईना. हात वर करायला गेलो... पट्ट्यांमुळे मनगटं वीतभर हलली असतील. ग्रॅहम नंतर म्हणाला, नेमकं तेव्हा तो मशीनचा दुसरा स्क्रीन बघत होता. कुणाला ते दिसलं नाही. मला हवा मिळत नव्हती. बघता बघता डोळ्यांपुढची जाळी काळी व्हायला लागली.

तेव्हा माझ्या पायांच्या उजव्या बाजूने कुणीतरी ओरडलं.

“अरे थांबवा! थांबवा ते! गुदमरतोय तो!”

पुरुषाचा आवाज. पोक्त. मराठी, स्वच्छ. ते डोक्यातलं नव्हतं हो... खोलीत होतं, उभ्या माणसाच्या उंचीवरून येत होतं, आणि भिंतीवर आपटून पुन्हा ऐकू आलं. माझे वडील नव्हेत, काका नव्हेत, दिलीपराव तर नव्हेतच. मी जन्मात न ऐकलेला आवाज होता तो. आणि एक गोष्ट मी शपथेवर सांगेन – तो आवाज भयंकर चिडलेला होता. भर रस्त्यात कुणाला तुडवून चाललेल्या गाडीवाल्यावर माणूस ओरडेल ना, तसा.

भुंगा बंद झाला. पावलं धावत आली. क्लिपा खाड्खाड् उघडल्या, मला कुशीवर वळवलं, रेवाने तोंडात सक्शनची नळी घातली. पहिला श्वास आत गेला तेव्हा मी रडत होतो. आणि माझ्या पाठीमागे ग्रॅहम मशीनच्या आजूबाजूला, कपाटामागे, सगळीकडे बघत होता. “हू एल्स इज इन हिअर?” असं दोनदा ओरडला तो. रेडिएशन चालू असताना खोलीत दुसरा माणूस असणं म्हणजे केवढा मोठा गुन्हा! त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

खोलीत कुणीही नव्हतं.

यानंतरचं सगळं मी ताडून पाहिलेलं आहे, कारण तो माझा स्वभाव आहे. त्या खोलीत शिरायला एकच वाट. मशीन चालू असताना ती वाट कुणी ओलांडली तर मशीन आपोआप बंद होतं. ते आपोआप बंद झालं नव्हतं. बाहेरून ग्रॅहमने बटण दाबल्याची नोंद मशीनमध्ये होती. दिलीपराव वेटिंग रूममध्ये होते, समोरच्या रिसेप्शनिस्टने सांगितलं. इंटरकॉम रेकॉर्ड होत नव्हता, कॅमेराही नाही. इंजिनियर येऊन इंटरकॉम तपासून गेले. बाहेरचा कुठलाही आवाज त्यात शिरणं शक्य नाही म्हणाले.

आणि चौकशीअंती डिपार्टमेंटच्या मॅनेजरने निष्कर्ष काय काढला? पेशंटने स्वतः आवाज दिला! मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यासमोर धरलं – आय हॅव नो व्हॉइस. त्याने अतिशय सभ्यपणे मान हलवली आणि म्हणाला, “अंडर स्ट्रेस पीपल डू रिमार्केबल थिंग्ज.” दातांत तुकडा, घशात उलटी, आठवडाभर गेलेला आवाज, आणि हा मला सांगतोय की मीच ओरडलो. तेही ‘गुदमरतोय तो’ असं, स्वतःबद्दल! पाटी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली.

ग्रॅहमला मराठी येत नाही. त्याला फक्त पुरुषाचं ओरडणं ऐकू आलं आणि त्याने बटण दाबलं. पण रेवा...

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. हो, गेलो. मेधा सुट्टी टाकून आली होती आणि तिने विचारलं, “श्री, एक दिवस थांबायचं का?” मी मान हलवून नाही म्हटलं. रेवा मला कॉरिडॉरमध्ये भेटली. डोळे सुजलेले.

“काका, एक विचारू? काल आत कोण बोलला?”

मी खांदे उडवले.

“ती आवाज तुमचा नव्हता. मला माहीत आहे. मी ‘थांबवा’ समजली. पण एक वर्ड मला नाही समजली. घरी जाऊन ममाला विचारली, ममा, व्हॉट इज ‘गुद-मर-तोय’? ममा म्हणाली, हा तू कुठे ऐकली? मग तिने अर्थ सांगितला... काका, मला तो वर्ड येतच नाही. मी कशी इमॅजिन करणार?”

 मी मेधाला आदल्या दिवशी पाटीवर हेच शब्द लिहून दाखवले होते. तोपर्यंत तिला वाटत होतं, गुदमरताना झालेला भास असेल. त्या मुलीसमोर मेधा खुर्चीत खाली बसली.

मग रेवाने मला आत नेलं. ग्रॅहमने पट्टे सैल ठेवले, मळमळीचं औषध बदललेलं होतं. प्रत्येक वेळी मशीन फिरताना रेवा इंटरकॉमवर म्हणत होती, “काका, मी इथे आहे. मी बघतेय.” मी डोळे मिटून त्या उजव्या बाजूचा कानोसा घेत होतो. काही नाही. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही. ट्रीटमेंट पूर्ण झाली. त्यानंतरचे काही आठवडे तर त्याहून वाईट होते, पण ते संपलं. कन्सल्टंटने सांगितलं होतं तसंच. उन्हाळा सरता सरता स्कॅन स्वच्छ आला. आवाज परत आला तो असा – घोगरा, पत्र्यावर वाळू ओढल्यासारखा.

इथपर्यंतच असतं तर मी हे कधीच लिहिलं नसतं. मेधा, मी आणि रेवा यांच्यापुरतं ते राहिलं असतं.

पण त्या दिवशी वेटिंग रूममध्ये दिलीपराव होते. धावाधाव त्यांनी पाहिली, ग्रॅहमचं “हू एल्स” त्यांनी ऐकलं, आणि घाबरलेल्या रेवाने त्यांनाच आधी विचारलं, अंकल, तुम्ही आत गेले होते का? घरी परतताना त्यांनी गाडी बाजूला घेतली, फोटोला हात जोडले आणि म्हणाले, “श्रीकांत, तू त्यांना मानलं नाहीस, तरी ते आले. बघ.” मला ओरडून सांगायचं होतं की नाही, मला माहीत नाही कोण होतं, पण तुम्हालाही माहीत नाही! आवाजच नव्हता. पाटी मागच्या सीटवर. मी मुकाट ऐकून घेतलं, आणि त्यांना वाटलं मी कबूल झालो.

पुढच्या वर्षी मंडळाच्या गणपतीला, वॉटफर्डच्या हॉलमध्ये, दिलीपरावांनी मला हाताला धरून स्टेजवर नेलं. ‘एक अनुभव’ असं माइकवर सांगितलं. मला कल्पनाही नव्हती. आणि मशीनची, महाराजांची, ‘डॉक्टर हरले’ची ती सगळी कहाणी त्यांनी स्वतः सांगून टाकली, डोळ्यांत पाणी आणून. लोक हात जोडून माझ्याकडे बघत होते. दुसऱ्या रांगेत सुहास आणि त्याची बायको नीलिमा बसले होते. सुहास ब्रॅकनेलला माझ्याच ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या कंपनीत, वर्क व्हिसावर आलेला पुण्याचा मुलगा. चाळिशीही नाही. गळ्यावर बँडेज. त्याला माझ्यासारखाच कॅन्सर निघाला होता आणि माझ्यासारखीच ट्रीटमेंट सांगितली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला दिसलं ते एवढंच की तो माझ्याकडे फार आशेने बघतोय.

मी माइक ओढून घेतला. “हे खोटं आहे,” मी म्हणालो. त्याच घोगऱ्या आवाजात म्हणालो. “कोण ओरडलं मला माहीत नाही. पण मला मशीनने बरं केलंय. मी दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर जाऊन झोपलोय. ‘थांबवा’ हे त्या दुपारपुरतं होतं, कायमचं नव्हे. ज्या कुणाला ट्रीटमेंट सांगितली असेल त्याने ती घ्या. बाकी सगळं मरू दे.” दिलीपराव माझ्या पाठीवर थोपटत लोकांना म्हणाले, “अजून त्याला धक्का आहे बिचाऱ्याला.” लोकांनी टाळ्या वाजवल्या! माझ्यासाठी की त्यांच्यासाठी, देव जाणे.

जेवणाच्या वेळी सुहास शोधत आला. “श्रीकांतदादा, खरं सांगू? मला किमोची भीती नाही. तो मास्क... मला लिफ्टमध्येसुद्धा घाम फुटतो.” मी म्हटलं मी येतो बरोबर. गेलो. साचा बनवताना कॉरिडॉरमध्ये बसलो. तो बाहेर आला तो तडक गाडीकडे निघाला. घरी सोडताना मला म्हणाला, “तुम्हाला तर कुणीतरी सांगितलंच ना, थांबवा म्हणून.” मी गाडीत त्याला अक्षरशः शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी माफी मागायला फोन केला तर नीलिमाने घेतला. दिलीपराव येऊन गेले होते. आधी महिनाभर महाराजांची पुडी, मग बघू, असं ठरलं होतं. मी, मेधा, त्याचे डॉक्टर, सगळ्यांनी समजावलं. रेवाच्या ओळखीने त्याला मास्कची भीती घालवायला मदत करणारी नर्ससुद्धा मिळवून दिली. तो ‘हो हो’ म्हणायचा. महिन्याचे चार झाले. मग श्वास लागायला लागला तेव्हा स्कॅन केला, फुप्फुसात गेलेलं होतं. एकत्र ट्रीटमेंटचा रस्ता तेव्हा बंद झालेला होता.

सुहास गेला. बॉडी पुण्याला नेली.

इथलं आवरायला नीलिमा परत आली तेव्हा मी आणि मेधा ब्रॅकनेलच्या त्यांच्या फ्लॅटवर गेलो. खोकी भरून ठेवली होती. तिने आम्हाला बसायला दिलं आणि मेधाशी फ्लाइटचं वगैरे बोलत राहिली. मग अचानक माझ्याकडे वळली.

“दादा, तुमच्यासाठी त्या खोलीत कुणीतरी ओरडलं. तुम्ही ऐकलंत, त्या मुलीनेही ऐकलं. मी मानते ते.” तिचा आवाज चढत गेला. “मग सुहास ट्रीटमेंट सोडत होता तेव्हा ‘सोडू नकोस’ म्हणून ओरडायला कुणी का आलं नाही? याच घरात होता तो. याच सोफ्यावर. मी होते ना इथे, मी ऐकलं असतं! तुमच्यात असं काय होतं, आणि त्याच्यात काय नव्हतं?”

मेधाने माझा हात धरला.   त्या वर्षात माझ्या पोटात साठलेला सगळा राग तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “खरंच माहीत नाही, नीलिमा. कोण होतं ते माहीत नाही, का आलं तेही माहीत नाही.”

 तिने उठून एका खोक्यावर टेप ओढली आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, “दिलीपराव काल आले होते. म्हणाले, त्याचं प्रारब्ध. मी त्यांना दाराबाहेर काढलं. तुम्ही बसा. चहा टाकते.”